बाटलीतील तारुण्य आणि बांधावरील बावची

ठाण्याच्या गोखले रोडवरून अथवा डोंबिवलीच्या फडके रोडवरून सायंकाळी जाणाऱ्यास औषधांच्या व प्रसाधनांच्या दुकानांत एक नवी भाषा ऐकू येते. पूर्वी त्वचा गोरी करण्याचे आश्वासन देणारी मलमे तेथे खपत असत. आता त्वचेचे आयुष्य वाढविणारी, पेशींना पुन्हा तरुण करणारी आणि वार्धक्याचा वेग मंदावणारी द्रव्ये विकली जातात. तीस मिलिलिटरची बाटली कित्येकदा एका शेतमजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतक्या किमतीची असते आणि तिच्यावर एखाद्या वनस्पतीचे चित्र हमखास छापलेले असते.

हा विषय शेतीपत्रिकेचा नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु त्या चित्रातील वनस्पती मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ व कल्याण ह्या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या परिचयाच्या आहेत. कित्येक त्याच्या बांधावर उगवतात आणि खुरपणीत उपटून टाकल्या जातात. शहरात ज्या वस्तूचे मोल वाढते, तिच्या लागवडीचा सल्ला देणारा कोणी ना कोणी लवकरच गावात येऊन पोहोचतो. असा सल्ला दारात येण्यापूर्वीच ह्या द्रव्यांच्या मागे शास्त्र किती, व्यापार किती आणि त्यांत शेतकऱ्याचे हित किती, ह्याचा विचार करून ठेवणे अवश्य आहे.

वार्धक्याचे नवे शास्त्र

ह्या मागणीच्या मुळाशी खरे संशोधन आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मनुष्याच्या शरीरातील सामान्य पेशी प्रयोगशाळेत ठराविक वेळाच विभागतात आणि पुढे थांबतात, असे १९६१ साली अमेरिकेत हेफ्लिक व मूरहेड ह्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक भागासंबंधीच्या संशोधनास २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विभाजन थांबलेल्या काही पेशी मरतही नाहीत व कामही करीत नाहीत, उलट शेजारच्या निरोगी पेशींना त्रासदायक अशी द्रव्ये सोडीत राहतात, हेही आता ज्ञात आहे. वाफ्यातील एखादे रोगट रोप वेळीच न काढल्यास भोवतालची रोपे बिघडतात, तसाच काहीसा हा प्रकार होय.

ह्या शोधांवरून अनेक द्रव्ये पुढे आली. द्राक्षाच्या सालीतील रेस्वेराट्रॉल हे द्रव्य यीस्टचे आयुष्य वाढविते, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या आशेवर उभी राहिलेली एक कंपनी २००८ साली एका मोठ्या औषध कंपनीने सुमारे ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ साली तिचे स्वतंत्र कार्यालय बंद केले. दुसरे उदाहरण रॅपामायसिनचे. ईस्टर बेटावरून १९६४ साली आणलेल्या मातीच्या नमुन्यांतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले आणि सुरेंद्रनाथ सेहगल ह्या भारतीय शास्त्रज्ञाने त्याच्या अभ्यासात मोठा वाटा उचलला. २०१९ साली एका लहान चाचणीत हे द्रव्य हाताच्या त्वचेस काही महिने लावले असता जुन्या पेशींची एक खूण कमी झालेली आढळली. मात्र रॅपामायसिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध आहे. घरगुती प्रसाधन म्हणून ते वापरण्याजोगे नाही.

यीस्टवरील निष्कर्ष आणि स्त्रीच्या गालावरील सुरकुती ह्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. प्रयोगशाळेच्या बशीत उत्तम वाढणारे वाण प्रत्यक्ष शेतात टिकेलच असे नाही, हे कोणताही शेतकरी जाणतो. द्रव्य त्वचेच्या बाह्य थरातून आत जाते किंवा नाही, प्रकाशात ते टिकते किंवा नाही आणि पुरेशा प्रमाणात घातले आहे किंवा नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक बाटलीस विचारले पाहिजेत. रेस्वेराट्रॉल प्रकाशात बिघडते. केवळ नावापुरते घातलेले द्रव्य तर काहीच करीत नाही. कोणत्याही मलमाने मनुष्याच्या त्वचेचे आयुष्य वाढते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. काही द्रव्यांनी त्वचेचे रूप काही अंशी सुधारते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

पुण्यात सापडलेले द्रव्य

अशा थोड्या द्रव्यांपैकी एकाचा जन्म महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. बावची ही शिंबावर्गातील वर्षायू वनस्पती. तिला जांभळट फुले येतात, तिच्या काळ्या शेंगेत एकच बी असते आणि त्या बियांना उग्र वास येतो. वैद्य लोक कोडावर ती पूर्वापार वापरीत आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली गोवर्धन मेहता व नायक ह्यांनी बावचीच्या बियांतून एक नवे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली ते जगापुढे मांडले. बावचीच्या संस्कृत नावावरूनच त्यास बाकुचिओल हे नाव पडले.

पुढे सुमारे चाळीस वर्षे ह्या द्रव्याकडे प्रसाधन व्यवसायाचे फारसे लक्ष नव्हते. सुरकुत्यांवर अ जीवनसत्त्वाची संयुगे उपयोगी पडतात, हे १९८६ सालच्या क्लिगमन ह्यांच्या कार्यापासून प्रस्थापित झाले होते. परंतु त्यांनी त्वचा सोलवटते, झोंबते आणि गरोदरपणात ती वर्ज्य मानली जातात. बाकुचिओलची रासायनिक रचना त्यांच्याहून वेगळी असूनही त्वचेतील त्याचे कार्य पुष्कळसे तसेच आहे, असे दिसून आल्यावर मागणी सुरू झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४ व्यक्तींना बारा आठवडे अर्धा टक्का बाकुचिओल अथवा अर्धा टक्का रेटिनॉल देण्यात आले. सुरकुत्या व डाग दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात कमी झाले आणि रेटिनॉलच्या गटात त्वचा सोलवटणे व झोंबणे अधिक आढळले. चाचणी लहान आहे आणि तिच्यावरून फार मोठे अनुमान काढू नये. तरीही बाजारातील बहुतेक बाटल्यांच्या मागे एवढाही पुरावा नसतो.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. बावचीच्या बियांत बाकुचिओलबरोबरच सोरॅलेन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग राहतात. कारखान्यात ही द्रव्ये काढून टाकून मगच शुद्ध बाकुचिओल वापरले जाते. म्हणून वर्तमानपत्रातील कौतुक वाचून कोणीही बावचीचे बी वाटून अथवा तिचे कच्चे तेल चेहऱ्यास लावू नये.

वयःस्थापनाची जुनी यादी

आयुष्य टिकविणाऱ्या वनस्पतींचा विचार ह्या देशास नवा नाही. चरकसंहितेत औषधींचे जे पन्नास गण सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा गण वयःस्थापनाचा आहे. त्यांतील दहा नावांपैकी गुळवेल, हिरडा, आवळा, शतावरी, मंडूकपर्णी व पुनर्नवा ही ठाणे जिल्ह्यातील रानाच्या व बांधाच्या जाणत्या माणसास लगेच ओळखता येतात. पुनर्नवेस येथे घेटुळी म्हणतात आणि पहिल्या पावसानंतर तिची भाजी होते. जुन्या ग्रंथात नाव आले म्हणून आधुनिक मलमाचा गुण सिद्ध होत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तो विचार मुख्यतः पोटात घेण्याच्या औषधाचा व आहार-विहाराचा होता.

त्या यादीतील मंडूकपर्णी, म्हणजेच कोकणातील करिवणा, ही आज प्रसाधनव्यवसायात सर्वांत अधिक मान्यता पावलेल्या वनस्पतींपैकी एक आहे. तिच्यातील एशियाटिकोसाइड व त्याच्या वर्गातील द्रव्ये जखम भरून येण्यास आणि त्वचेतील कोलॅजन बनण्यास साहाय्य करतात. जगाच्या बाजारास तिचा पुरवठा करण्यात मादागास्कर बेट फार पुढे आहे. वास्तविक ओल्या बांधावर, पाटाच्या कडेस आणि विहिरीच्या पन्हाळीखाली ती आपल्याकडेही सहज पसरते. परंतु बाजारात ब्राह्मी ह्या एकाच नावाखाली करिवणा व नीरब्राह्मी ह्या दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. करिवण्याचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे व कातरलेल्या कडेचे असते. नीरब्राह्मीचे पान लहान, जाडसर व समोरासमोर जोडीने येणारे असते. मालात ही सरमिसळ झाल्यास खरेदीदार संपूर्ण गोणी नाकारतो आणि पुढील वर्षी त्या गावाकडे फिरकत नाही.

शहापूरचा अनुभव

वनस्पतीच्या व्यापारात संघटनेने काय साधते, ह्याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने कातकरी तरुणांच्या पुढाकाराने गुळवेल गोळा करून विकण्यास आरंभ केला. पुढे वन धन योजनेचे पाठबळ मिळाले आणि २०२१ साली संस्थेकडे ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी नोंदविली गेल्याचे केंद्र शासनाने प्रसिद्ध केले. हिशेब केला तर हा भाव किलोस सुमारे ४५ रुपये पडतो. एकट्या कातकऱ्याने मोळी बांधून दलालाच्या दारात टाकली असती, तर मोठ्या कारखान्याशी बोलणी करण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

ह्या उदाहरणात दुसराही धडा आहे. ३५० टन वेल रानातून काढावयाचा तर तो पुन्हा वाढला पाहिजे. खोडाचे तुकडे घ्यावेत, मूळ राखावे, प्रत्येक झाडावरील काही वेल सोडून द्यावा आणि पावसाळ्याच्या आरंभी कुंपणाच्या कडेने गुळवेलीच्या कांड्या लावाव्यात. हा नियम न पाळणाऱ्या रानात मागणी हीच त्या वनस्पतीचा नाश करते.

बाटलीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शेतकऱ्याने बावचीची अथवा करिवण्याची लागवड करावी काय? उत्तर देण्यापूर्वी एक साधे गणित मांडणे उपयुक्त होईल. तीस मिलिलिटरच्या बाटलीत अर्धा टक्का बाकुचिओल असल्यास त्याचे वजन सुमारे दीडशे मिलिग्रॅम भरते. एक किलो बियांतून केवळ वीस ग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आले असे गृहीत धरले, तरी त्यातून १३० हून अधिक बाटल्या होतात. एक लाख बाटल्यांसाठी पंधरा किलो द्रव्य, म्हणजे ह्या हिशेबाने साडेसात क्विंटल बी पुरते. तेवढे बी थोड्याच एकरांत निघू शकते.

ह्या आकड्यांचा अर्थ उघड आहे. बाटली कितीही महाग असली, तरी तिच्यात शिरणारा शेतमाल अत्यल्प असतो. बाटलीची किंमत काच, वेष्टन, जाहिरात, शुद्धीकरण व नफा ह्यांची असते. म्हणून दुकानातील किमतीवरून शेतमालाचा भाव ठरविणे ही मोठीच चूक होय. एका गावाने लागवड केली तर भाव मिळेल, दहा गावांनी केली तर माल पडून राहील. ह्या शतकाच्या प्रारंभी सफेद मुसळीच्या बाबतीत महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी हाच अनुभव घेतला. रोपे व कंद विकणाऱ्यांनी प्रथम भरपूर पैसा केला, मालाच्या वेळी खरेदीदार मिळेनात आणि कर्ज मात्र शेतकऱ्याच्या माथी राहिले. जो बी विकतो आणि माल घेण्याचे केवळ तोंडी वचन देतो, त्याचा नफा पेरणीच्या दिवशीच पुरा झालेला असतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

तेव्हा भातखाचर मोडून बावची लावावी, असा सल्ला कोणी दिल्यास तो न स्वीकारणेच शहाणपणाचे ठरेल. बावचीस निचऱ्याची जमीन लागते. खाचरात पाणी साचते, त्यामुळे तेथे ती तगणारही नाही. शिवाय तिच्या शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा वेचणी करावी लागते आणि ती मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. वरकस जमिनीचा एखादा तुकडा, माळाची कड अथवा शेताचा उंच बांध ह्यांवर खरिपात थोडी लागवड करून पाहण्यास मात्र हरकत नाही. करिवण्यासाठी विहिरीजवळची ओली व किंचित सावलीची जागा पुरे. सांडपाण्याच्या नाल्याकाठचा करिवणा मात्र विक्रीस मुळीच घेऊ नये. कल्याण, डोंबिवली व अंबरनाथ परिसरातील औद्योगिक वस्तीच्या नाल्यांबाबत ही दक्षता विशेषच घेतली पाहिजे, कारण असा पाला पाण्यातील जड धातू शोषून घेतो आणि तपासणीत माल नापास होतो.

आरंभापूर्वी अवश्य गोष्टी

प्रथम खरेदीदार निश्चित करावा. माल कोणता, किती, कोणत्या प्रतीचा, किती ओलाव्याचा, कोणत्या भावाने व कोणत्या मुदतीत घेणार, हे लेखी घ्यावे. दुसरे, एकेकट्याने विक्री न करता शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था अथवा वन धन केंद्र ह्यांच्यामार्फत करावी. तिसरे, माल सावलीत वाळविणे, निवडणे, स्वच्छ पोत्यात भरणे व त्यावर गाव, तारीख आणि जात ह्यांची नोंद ठेवणे ही कामे गावातच करावीत. मालाच्या मूल्यातील पहिली वाढ येथेच होते आणि ती घरातील स्त्रियांच्या हाती राहू शकते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००० सालच्या स्थापनेपासून ह्या क्षेत्रात कार्य चालविले आहे. त्याचे पश्चिम विभागाचे साहाय्य केंद्र पुण्याच्या विद्यापीठात आहे. वनस्पतीची ओळख व लागवडीची पद्धत ह्यांबाबत तेथे व तालुका कृषी कार्यालयात चौकशी करूनच पैसा गुंतवावा.

चौथी गोष्ट कायद्याची. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क वनवासी कुटुंबांना दिला आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि व्यापारासाठी नेल्या जाणाऱ्या रानातील संपत्तीच्या लाभात स्थानिकांचा वाटा मानला गेला आहे. २०२३ सालच्या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट मिळाली, परंतु त्यासाठी मालाच्या उगमाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या कपाटात समितीची वही कोरी राहिली असेल, तर हा वाटा मागणार तरी कोण? बावचीचे ज्ञान वैद्यांकडून व गावकऱ्यांकडून प्रयोगशाळेत गेले, प्रयोगशाळेतून कारखान्यात आणि कारखान्यातून फडके रोडवरील दुकानात. ह्या साखळीची पहिली कडी नोंदीविना राहू नये. डोंबिवली व अंबरनाथ येथे रासायनिक व औषधी कारखाने आहेत. शहापूर-मुरबाडचा स्वच्छ व नोंद असलेला माल जवळच्याच कारखान्यात शुद्ध झाला, तर जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यात राहील.

उन्हातील चेहरा

शेवटी एक गोष्ट शहराला व खेड्याला सारखीच सांगण्यासारखी आहे. त्वचा अकाली वृद्ध होण्याचे सर्वांत मोठे बाह्य कारण म्हणजे ऊन होय. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दररोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी आढळले. दीर्घायुष्याचे नाव सांगणाऱ्या कोणत्याही नव्या द्रव्याने अद्याप एवढ्या भक्कम चाचणीचा दाखला दिलेला नाही.

ह्या कसोटीवर पाहता सर्वांत अधिक काळजीची आवश्यकता ज्या चेहऱ्यास आहे, तो दुकानाच्या काचेपुढे उभा नसतो. तो माळावर भेंडी तोडीत असतो, वीटभट्टीवर असतो, फाल्गुन-चैत्रात रानातून मोळी आणीत असतो. शहापूरच्या चाळिशीतील कातकरी स्त्रीच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या सुरकुत्यांत उन्हाचा फार मोठा वाटा असतो आणि गुळवेल वेचून आणणारे हातही बहुधा तिचेच असतात. तिच्यासाठी महाग बाटली हा उपाय नव्हे. रुंद कडेची टोपी अथवा डोक्यावरून चेहऱ्यावर सावली धरणारा सुती पदर, पूर्ण बाह्यांचा सदरा, अकरा ते तीन ह्या वेळेत शक्य तेवढे सावलीतील काम, शेतावर पिण्याचे पाणी आणि आहारात आवळा, पालेभाज्या व डाळी, ह्यांचा उपयोग निश्चित आहे. मजुरीच्या ठिकाणी सावली व पाणी पुरविणे हे मालकाचे कर्तव्य मानले गेले, तर वार्धक्यरोधाचे ते सर्वांत स्वस्त साधन ठरेल.

शहरातील ग्राहकानेही बाटली घेताना द्रव्याचे नाव, प्रमाण व निर्मात्याचा परवाना पाहावा. रोग बरा करण्याचे आश्वासन प्रसाधनास कायद्याने देता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. शेतकऱ्याने भाताचे खाचर राखावे, बांधावरील वनस्पती ओळखाव्यात, त्यांची नोंद करावी आणि लेखी भाव हाती आल्यावरच त्यांची वाढ करावी. शहरातील तारुण्याची आवड आज एका द्रव्यावर असेल, उद्या दुसऱ्यावर जाईल. जमीन मात्र त्याच कुटुंबाने पुढील पावसाळ्यातही कसावयाची आहे.